तुरुतुरु, तरातरा, ताडताड

तीन वाक्यं बघा.

आजी तुरुतुरु चालत गेली.
काकू तरातरा चालत गेल्या.
मामा ताडताड चालत गेले.

तिघंही पायीच गेले आणि तिघंही वेगानंच गेले. पण आजी कुणावर चिडलेली नाही. तिची पावलं लहान आहेत, अंगानं ती काटक आहे आणि बहुतेक तिला कुणाला तरी काहीतरी खायला नेऊन द्यायचंय. काकू चिडल्या आहेत आणि कुठं जाऊन काय बोलायचं हे त्यांचं ठरलेलं आहे. मामा तर चिडलेतच, शिवाय लांब लांब पावलं टाकतायत, आणि पुढचे दोन दिवस ते फोन उचलणार नाहीत. एवढी सगळी माहिती प्रत्येकी एका शब्दात! आता शब्दांची अदलाबदल करून बघा. 'मामा तुरुतुरु चालत गेले' म्हटलं की हसू येतं. म्हणजे या शब्दांना नियम आहेत, आणि ते नियम आपल्याला कुणीही वर्गात शिकवलेले नाहीत.

शाळेत या शब्दांच्या वाट्याला फार तर एक ओळ आली असेल. अभ्यस्त शब्दांचे प्रकार तीन: पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. एक मार्काचा प्रश्न, विषय संपला. पण या शब्दांचा इतिहास शोधायला लागलं की पाणिनीपासून जपानपर्यंत आणि पश्चिम आफ्रिकेपासून आमच्या घाटंजीपर्यंत बरीच पायपीट होते. आज ती करू.

सुरुवात जपानपासून करतो, कारण पुण्यात जपानी क्लायंटच्या कृपेनं जपानी शिकलेले लोक भरपूर आहेत आणि त्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी या शब्दांपुढे कपाळावर हात मारलेला असतो. नुसत्या चालण्याचे काही नमुने बघा:

तेकुतेकु - एका लयीत, न थांबता, लांबवर चालत राहणं
सुतासुता - इकडेतिकडे न बघता झपझप जाणं
तोबोतोबो - खांदे पाडून, खिन्न मनानं पाय ओढत जाणं
योचियोचि - नुकतं चालायला लागलेल्या बाळाचं चालणं
योरोयोरो - थकल्यामुळे किंवा 'घेतल्यामुळे' झोकांड्या खात जाणं
नोशिनोशि - हत्तीसारखं किंवा सुमो पैलवानासारखं जड पावलांनी जाणं
उरोउरो - काही काम नसताना उगाच घुटमळणं

मराठी माणसाला ही यादी परकी वाटत नाही. योचियोचि म्हणजे लुटुलुटु, सुतासुता म्हणजे झपझप. इंग्रजी माणसाचं मात्र डोकं फिरतं, कारण त्याच्याकडे ही माहिती सहसा क्रियापदातच बसवलेली असते. ट्रज वेगळं, स्टॉम्प वेगळं, टॉडल वेगळं. आपल्याकडे क्रियापद एकच, 'चालणे', आणि त्याच्या पुढे हे जोडशब्द लावत जायचे. जपानीचीही रचना अशीच आहे.

सारखेपणा इथंच संपत नाही. जपानीत हलकी, छोटी वस्तू घरंगळली की कोरोकोरो आणि मोठा धोंडा गडगडत आला की गोरोगोरो. क चा ग झाला की वस्तू जड होते. मराठीत थेंब टपटप पडतात, पोती धपधप पडतात. गंमत म्हणजे गोरोगोरो हा शब्द ढगांसाठीही वापरतात, आणि आपल्याकडेही दगड गडगडत येतो व ढगही गडगडतात. तसंच, एकदाच घरंगळलं तर जपानी माणूस कोरोन् किंवा कोरोरि म्हणतो, घरंगळतच राहिलं तर कोरोकोरो. एकदा आणि पुन्हा पुन्हा, यासाठी वेगळी रूपं.

आता मराठीचं मशीन उघडून बघू. (इंजिनिअर आहे, स्क्रू काढल्याशिवाय चैन पडत नाही.) 'धप' हा तुकडा घ्या.

एकदाच झालं: धपकन, धपदिशी
पुन्हा पुन्हा झालं: धपधप
पुन्हा पुन्हा, वेगानं, मध्ये उसंत न देता: धपाधप

हेच झप, पट, भर यांचं. झपझप आणि झपाझप, पटपट आणि पटापट, भरभर आणि भराभर. मधला 'आ' टाकला की वेग वाढतो. पुढे '-णे' लावलं की क्रियापद मिळतं: सरसरणे, लटपटणे, डगमगणे. '-आट' लावला की नाम: गडगडाट, कडकडाट. '-ईत' लावलं की विशेषण: डळमळीत. स्वरांचीही वाटणी झालेली दिसते. 'उ' आला की पावलं लहान आणि बहुधा लाडाची: तुरुतुरु, दुडुदुडु, लुटुलुटु, आणि म्हातारीच्या भोपळ्याचं टुणुक टुणुक. 'आ' आला की पावलं मोठी किंवा रागाची: तरातरा, ताडताड. अपवाद सापडतील, पण कल स्पष्ट आहे. काही मोजके तुकडे, काही मोजके प्रत्यय आणि त्यातून शेकडो शब्द. एखादी चांगली लायब्ररी कशी लिहावी याचा हा नमुना आहे, आणि ती कुणा एकानं लिहिलेली नाही.

इथंच एक मुद्दा सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्यावर उभा आहे. आपण या शब्दांना ध्वन्यनुकारी म्हणतो, म्हणजे आवाजाची नक्कल करणारे. पण तरातरा चालताना 'तरातरा' असा आवाज कुणाच्या पायांचा येतो? लगबगीनं जाताना कुठे 'लगबग' ऐकू येते? धपधप, टपटप हे खरोखर आवाज आहेत. तरातरा, लगबग, तुरुतुरु ही आवाजाची नक्कल नाही, ते हालचालीचं आणि मनःस्थितीचं चित्र आहे. जपान्यांनी या दोन गोष्टींना वेगळी नावं दिली आहेत. आवाजाचे शब्द ते गिओंगो, अवस्थेचे शब्द ते गिताइगो. आपण दोन्ही एकाच डब्यात टाकले आणि डब्यावर 'नक्कल' अशी चिठ्ठी लावली. नक्कल म्हटली की ती कुणालाही येते, शिकावी लागत नाही, जपावीही लागत नाही असं आपोआप वाटायला लागतं.

ही चिठ्ठी कुणी लावली? तसं बघितलं तर फार जुनी आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत पाचव्या अध्यायाच्या चौथ्या पादात सत्तावन्नावं सूत्र आहे. ज्या आवाजातले वर्ण स्पष्ट नाहीत अशा आवाजाच्या अनुकरणाला कोणता प्रत्यय लावायचा, ते त्यात सांगितलंय. अशा शब्दांना पाणिनीनं 'अव्यक्तानुकरण' म्हटलं. इसवी सनाच्या सातव्या शतकातल्या काशिका या टीकेत याचं उदाहरण म्हणून 'पटपटा' आणि 'दमदमा' हे शब्द येतात. पटपटा! आज सकाळी कुणाच्या तरी आईनं 'पटपटा आवर' म्हटलं असेल, तिला कल्पनाही नसेल की हा शब्द तेराशे वर्षांपूर्वीच्या व्याकरणाच्या पुस्तकात नोंदलेला आहे. म्हणजे पाणिनीनं या आवाजांना अव्यक्त म्हटलं खरं, पण प्रत्यय लावून त्यांना व्याकरणात बसवलंही.

तरी वैदिक संस्कृतात असे शब्द थोडेच आहेत. नंतर ते वाढत जातात, प्राकृतात आणखी, आणि अपभ्रंश काव्यात तर त्यांची रेलचेल होते. दहाव्या शतकात मान्यखेटला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या मळखेडला, राष्ट्रकूटांच्या राजधानीत बसून पुष्पदंतानं अपभ्रंशात महापुराण लिहिलं, तोवर ही शैली चांगलीच मुरली होती. मराठी या वातावरणात वाढली. हे शब्द का वाढत गेले, या प्रश्नाकडे थोड्या वेळानं येऊ.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ आणि अनेक मराठी पंडित यांच्या मदतीनं त्यानं मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी, सुमारे साठ हजार शब्दांची, १८५७ ची. मराठी ब्लॉगवाल्यांचा हा लाडका कोश, कारण शिकागो विद्यापीठानं तो इंटरनेटवर फुकट ठेवलाय. मोल्सवर्थचं मोठेपण असं की त्यानं हे शब्द फालतू म्हणून गाळले नाहीत. मात्र व्युत्पत्तीच्या जागी तो बऱ्याचदा एकच छोटा शेरा मारतो: 'इमिट.' म्हणजे इमिटेटिव्ह. नक्कल. बाकीच्या शब्दांना संस्कृत, फारसी, अरबी, पोर्तुगीज असे आईबाप, यांना नुसता शेरा.

पुढे य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या मंडळानं १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. त्यातही अशा शब्दांपुढे चौकटी कंसात 'ध्व.' असतं. दाते-कर्व्यांनी आणि मोल्सवर्थनं हे शब्द वाचवले, याबद्दल त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण चिठ्ठी तीच राहिली.

शुद्धलेखनाच्या नियमांत मात्र या शब्दांना चक्क खास सवलत आहे. मराठी साहित्य महामंडळानं केलेल्या आणि सरकारनं स्वीकारलेल्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ लिहायचा. म्हणून 'हळूहळू'. पण नादानुकारी शब्द उच्चाराप्रमाणे ऱ्हस्वच लिहावेत असं तिथं म्हटलंय आणि उदाहरणं दिली आहेत लुटुलुटु, दुडुदुडु, रुणुझुणु. तीनपैकी दोन उदाहरणं बाळाच्या चालण्याची! महाराष्ट्र शासनाला बाळाच्या पावलांपुढे नियम वाकवावा लागला, यापेक्षा मोठा मान काय असतो?

असो. आता जरा गंभीर गोष्ट.

पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घाना आणि टोगोमध्ये, एवे नावाची भाषा बोलतात. डीडरिश वेस्टरमान या जर्मन मिशनरी अभ्यासकानं १९०७ साली तिचं व्याकरण छापलं. त्यात त्यानं चालण्याच्या तऱ्हा सांगणाऱ्या शब्दांची लांबलचक यादी दिली. बुटक्या माणसाचं लगबगीचं चालणं ते बाफो बाफो, लठ्ठ माणसाचं जड चालणं ते बोहोबोहो, अशी. म्हणजे आपल्या तुरुतुरु आणि धपधपचे आफ्रिकेतले चुलतभाऊ. वेस्टरमाननं काम मन लावून केलं होतं.

तीनच वर्षांनी, १९१० मध्ये, पॅरिसमध्ये ल्युसियाँ लेव्ही-ब्रूल या तत्त्वज्ञानं 'खालच्या' समाजांच्या मनोव्यापारांवर एक पुस्तक लिहिलं आणि वेस्टरमानची ही यादी पुरावा म्हणून वापरली. पुरावा कसला? तर या लोकांना 'चालणे' ही अमूर्त कल्पना जमत नाही, त्यांना प्रत्येक चालणं चित्रासारखं वेगळं दिसतं, म्हणजेच त्यांची विचार करण्याची पद्धत आपल्याहून वेगळी आणि तर्कापूर्वीची आहे, याचा. पुस्तक गाजलं, इंग्रजीतही आलं. आता विचार करा. एवेमध्ये 'चालणे' असं साधं क्रियापद आहेच, आणि हे सगळे शब्द त्याच्याच मागे लागतात. अगदी मराठीसारखे. ज्या तर्कानं एवे माणूस आदिम ठरतो त्याच तर्कानं तुमची आजीही आदिम ठरते, आणि अख्खा जपानही. लेव्ही-ब्रूलनं आयुष्याच्या शेवटी स्वतःच्या टिपणवह्यांत ही 'तर्कापूर्व' कल्पना सोडून दिली. पण त्या वह्या छापल्या गेल्या १९४९ साली, तो गेल्यावर दहा वर्षांनी.

गंमत म्हणजे त्याच सुमाराला कोलकात्यात एक वेगळाच माणूस याच शब्दांचा विचार करत होता. रवींद्रनाथ टागोर. १९०९ च्या त्यांच्या 'शब्दतत्त्व' या पुस्तकात ध्वन्यात्मक शब्दांवर निबंध आहे. बंगालीत असे शब्द किती आहेत ते त्यांनी यादी करून दाखवलं, आणि ज्या गोष्टींना मुळात आवाजच नाही, जसे की रंग किंवा शांतता, त्याही बंगाली माणूस आवाजाच्या शब्दांनी सांगतो हे लक्षात आणून दिलं. एक वर्ष आगेमागे, दोन पुस्तकं. पॅरिसच्या विद्वानाला या शब्दांत आदिम मन दिसलं, बंगाली कवीला आपल्या भाषेची ताकद दिसली. फरक एवढाच की कवी स्वतः ती भाषा बोलत होता.

पुढे आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया ज्यावर रचला त्या सोस्यूरच्या १९१६ च्या पुस्तकातही अनुकरणवाचक शब्द संख्येनं किरकोळ म्हणून बाजूला सारले गेले. फ्रेंचपुरतं ते खरं असेलही. पण शिष्यांनी तो निर्णय जगभर लागू केला.

आता घाटंजीकडे येतो. मी मूळचा तिथला, त्यामुळे गावाचं नाव घ्यायला निमित्त लागत नाही, पण यावेळी खरंच कारण आहे.

घाटंजी हे यवतमाळच्या आग्नेयेला असलेलं तालुक्याचं गाव. काळी माती, कापूस, पावसाळ्यात चपलेला लदबदून येणारा चिखल. त्या चिखलातून कुणी झपझप जात नाही, पचक पचक करत एकेक पाय उपसत जावं लागतं. मागे राहिलेल्याला 'काहून रेंगत राह्यला बे?' असं विचारतात. पूर्वेला पांढरकवडा, दक्षिणेला पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडे तेलंगणातला आदिलाबाद. बाजाराच्या दिवशी इथं वऱ्हाडी कानावर पडते, बंजारा तांड्यांची गोरमाटी पडते, गोंडी पडते, पोडांवरून आलेल्या कोलामांची कोलामी पडते आणि अधूनमधून तेलुगूही. यातली वऱ्हाडी आणि गोरमाटी आर्य कुळातल्या, बाकीच्या तिन्ही द्राविडी.

ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात या दोन्ही बाजूंची नोंद आहे. मराठीचा खंड १९०५ चा, त्यात वऱ्हाडी. द्राविडी आणि मुंडा भाषांचा खंड १९०६ चा, त्यात कोलामी. काम प्रचंड आणि आजही उपयोगी. पण नमुने गोळा करायची पद्धत बघा. बहुतेक सगळ्या भाषांमध्ये बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट भाषांतरित करून घेतली, म्हणजे तुलना सोपी जावी. त्या गोष्टीत मुलगा दूर देशी जातो, उपाशी मरायची वेळ येते, तो उठून बापाकडे येतो आणि बाप त्याला दुरून पाहून धावत सुटतो. आता मला सांगा, हीच गोष्ट घाटंजीच्या एखाद्या म्हातारीनं नातवाला सांगितली असती तर तो मुलगा नुसता 'आला' असता का? तो पाय ओढत, रखडत, अडखळत आला असता आणि बाप धडपडत, भराभर धावला असता. पण मूळ मजकुरात चालणं साधं, म्हणून भाषांतरातही साधं. टेस्ट केसच अशी निवडली की हे फीचर कधी तपासलंच जाणार नाही. दोष कोलामीचा नाही, वऱ्हाडीचाही नाही, टेस्ट केसचा.

मग आला मरे एमेनो. कॅनडात जन्मलेला, संस्कृत शिकलेला. १९३५ ते १९३८ या काळात तो भारतात होता, मुख्यतः निलगिरीत, पण वर्धा जिल्ह्यातल्या कोलामांच्या भाषेवरही त्यानं काम केलं. वर्धा म्हणजे आमचा शेजारचाच जिल्हा. आदिलाबादकडच्या कोलामीचं व्याकरण १९५० मध्ये सेतु माधवराव पगडींनी लिहिलं. होय, शिवकालीन इतिहासवाले पगडी. ते निजामाच्या मुलकी सेवेत असताना तिकडे होते. एमेनोचं कोलामीवरचं पुस्तक कॅलिफोर्नियात १९५५ ला निघालं.

त्याच्या पुढच्याच वर्षी एमेनोनं एक निबंध लिहिला, ज्यानं भारताच्या भाषांकडे बघायची दृष्टी बदलली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. आपण भाषांची कुळं करतो, आर्य कुळ, द्राविड कुळ, मुंडा कुळ. पण या भाषा हजारो वर्षं शेजारी राहिल्या, लोक एकापेक्षा जास्त भाषा बोलत राहिले, त्यामुळे कुळं वेगळी असूनही भाषांच्या सवयी सारख्या झाल्या. भारत हा एक भाषिक प्रदेश आहे. १९६९ मध्ये त्यानं खास या आवाजी शब्दांवर निबंध लिहिला आणि दाखवलं की दुप्पट करून बनवलेले हे शब्द दोन्ही कुळांत भरभरून आहेत, कितीतरी अगदी एकसारखे आहेत, आणि संस्कृतात ते काळानुसार वाढत गेले त्याचं कारण हा शेजार आहे. मघाचा प्रश्न आठवतोय? त्याचं उत्तर हे.

उदाहरणं तर हाताशी आहेत. सरसर जाणं मराठीत आहे, कन्नडात आहे, तेलुगूत आहे. झपझप चालायला तेलुगूत गबगब आणि चकचक म्हणतात. शब्द वेगळे, साचा तोच. आपण 'पाणीबिणी' म्हणतो, तेलुगू माणूस 'नीळ्ळू-गीळ्ळू' म्हणतो. ब च्या जागी ग, बाकी खेळ तोच.

म्हणजे ज्या शब्दांना कोशांनी आईबाप नाहीत असं धरलं, त्यांना आईबाप होते. फक्त ते एकाच घरातले नव्हते. तुरुतुरु आणि झपाझप ज्या साच्यातून निघाले तो साचा बाजारात, शेतात, लग्नाच्या मांडवात, दोन भाषा बोलणाऱ्या आयांच्या मांडीवर घडलेला आहे. संस्कृताशी नातं लावण्याच्या नादात आपण ज्या शब्दांना गावंढळ किंवा पोरकट समजलो, ते आपल्या मिश्र इतिहासाचे सगळ्यात जिवंत कागद आहेत. घाटंजीच्या बाजारात हा इतिहास अजून चालू आहे.

भाषाविज्ञानानंही नंतर बरीच भरपाई केली. १९३५ मध्ये क्लेमंट डोक यानं दक्षिण आफ्रिकेतल्या बांटू भाषांसाठी 'इडिओफोन' हा शब्द आणला आणि या शब्दांना स्वतंत्र वर्ग मिळाला. जपानमध्ये १९७८ साली यांचा वेगळा कोश निघाला आणि २००७ मध्ये शोगाकुकान प्रकाशनानं सुमारे ४५०० शब्दांचा कोश काढला. मराठीतले शब्द मात्र मोठ्या कोशांच्या हजारो पानांत विखुरलेले आहेत.

आणि २०१६ मध्ये एक मजेदार प्रयोग छापून आला. जपानी, कोरियन, मलेशियातली सेमाई, घानातली सिवू आणि आपली मघाची एवे, अशा पाच भाषांतले इडिओफोन डच लोकांना ऐकवले आणि दोन अर्थांपैकी बरोबर कोणता ते ओळखायला सांगितलं. निव्वळ अंदाजापेक्षा ते थोडे जास्त बरोबर आले. थोडेच. म्हणजे आवाजात अर्थाचा काहीसा इशारा असतो हे खरं, पण नुसत्या कानानं ओळखता येतील असे हे शब्द नाहीत. ते शिकावे लागतात.

माझ्या मते या सगळ्या पायपिटीचं सार इथं आहे. नक्कल असती तर चिंता नव्हती, प्रत्येक पिढीनं नव्यानं केली असती. पण हा वारसा आहे, आणि वारसा एक पिढी बोलली नाही तर संपतो. बाळ पहिल्यांदा पाऊल टाकतं तेव्हा समोर बसलेलं माणूस जे बोलतं, तिथून त्याची सुरुवात होते. कोलामीचं तर आणखी अवघड. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार. त्यांच्या चालण्याचे शब्द टिपून घ्यायला आता तिसरा एमेनो-पगडी यायची वाट बघायची?

आपल्या शहरी मराठीत यातले काही शब्द टिकलेत, पण वेगळ्या नोकरीवर. रखडत चालणारी माणसं आपण फार बघत नाही, पण प्रोजेक्ट रखडतात. सरकारं डळमळतात. करिअरसाठी धडपड चालते. जनतेची फरफट होते. कॉल ड्रॉप झाला की चाचपडतो. सगळे पायांचे आणि हातांचे शब्द, आता पायांवाचून चालतात. हे टिकले याचा आनंदच आहे. पण यादी नीट बघा. संकटाचे शब्द टिकलेत. तुरुतुरु, दुडुदुडु, लगबग, डुलत डुलत हे मात्र घरातच लागतात, आणि घरात आपण हल्ली 'फास्ट चल' म्हणतो. भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला सोपं पडतं ते तर विचारूच नका: आजी, काकू आणि मामा, तिघांनाही 'लवकर' चालवलं की काम झालं.

तेव्हा या रविवारी एक करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की तुमच्याकडे चालण्याला काय काय म्हणतात. चिखलातलं, चढावरचं, डोक्यावर हंडा घेऊन, लग्नघरातलं, भांडून निघालेल्या माणसाचं. गाव कोणतं तेही लिहून ठेवा, कारण कोकणातला शब्द वऱ्हाडात असेलच असं नाही. मी घाटंजीकडचे गोळा करायला घेतलेत. वही भराभर भरतेय.